माळ्यावरची वाद्ये आणि त्यांचे मोल



वडीलधारे माणूस गेले की त्याच्या मागे घर, दागिने, ठेवी यांचा हिशोब कुटुंब लवकर मांडते. त्या हिशोबाची रीत ठरलेली असते. सोन्याचा भाव वर्तमानपत्रात येतो, घराचा भाव गल्लीत कोणीही सांगतो. पण ज्या वस्तूचा भाव कोणालाच ठाऊक नसतो, अशी एखादी वस्तू माळ्यावरून खाली येते आणि शहाणीसुरती माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आमच्या घरात हे काम तीन अकॉर्डियननी केले. त्या प्रसंगात माझी स्वतःचीही एक चूक होती, ती आधीच कबूल करून टाकतो.

माझे थोरले काका सांगलीत कापडाचे दुकान चालवत. दिवसा गज आणि कात्री, रात्री अकॉर्डियन. गणेशोत्सवात, लग्नाच्या वरातीनंतरच्या कार्यक्रमात, गावोगावच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी जवळजवळ तीस वर्षे साथ केली. त्यांच्या तरुणपणी हिंदी चित्रपटसंगीतात या वाद्याला मोठा मान होता. गुडी सिरवई, केरसी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स ही नावे काका आदराने घेत. ‘आराधना’ चित्रपटातील ‘रूप तेरा मस्ताना’ या गाण्यातील केरसी लॉर्ड यांचा अकॉर्डियन ऐकून आपण दुसरे वाद्य घेतले, असे ते सांगत असत. त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे असे वाद्य घरात असणे ही मिरवण्याजोगी गोष्ट होती आणि त्याची किंमतही कुटुंबाच्या तोंडी दरवर्षी वाढत जात होती.

काका गेल्यानंतर तीन पेट्या माळ्यावरून उतरल्या. पहिली लाल, मोत्यासारख्या झळाळीची, चकाकत्या खड्यांनी मढवलेली, इटलीची. दुसरी काळी, साधी, कडा घासलेली, जर्मनीच्या होनर कंपनीची. तिसरी लहान, पूर्व जर्मनीतील वेल्टमाइस्टर. या तिसरीवर काकांनी गल्लीतल्या मुलांना शिकवले होते. काकी मला म्हणाल्या, “बाळ, तू हिशोबातला माणूस. याचं काय येतंय ते बघ. पण एक लक्षात ठेव, कुणाला फसवायचं नाही, नि आपणही फसायचं नाही.”

माझी चूक इथेच झाली. मोबाईलवर एका परदेशी विक्रेत्याने तशाच लाल वाद्याला लावलेली किंमत मी पाहिली, रुपयांत हिशोब केला आणि जेवताना सहज बोलून गेलो, “दीड लाख तरी कुठे गेले नाहीत!” त्या एका वाक्याने घरातली हवा बदलली. चुलतभाऊ, म्हणजे आमचे दादा, म्हणाले की लाल वाद्य बाबांनी मलाच देऊ केले होते. ताईने विचारले, “कधी? कुणासमोर?” धाकटी बहीण काहीच बोलली नाही, पण पुढचे दोन आठवडे तिने दादांचा फोन उचलला नाही.

पहिली गोष्ट म्हणून मी मालकीचा प्रश्न वेगळा काढला, कारण मोल ठरवण्याआधी वस्तू कोणाची हे ठरले पाहिजे. काकांनी मृत्युपत्र केले नव्हते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या समाजालाही लागू आहे. त्यानुसार पत्नी, मुलगा आणि मुली यांचा वाटा समान. म्हणजे काकी, दादा, ताई आणि धाकटी, प्रत्येकी एक चतुर्थांश. हयातीत काकांनी वाद्य दादांच्या हाती सोपवले असते तर ती भेट ठरली असती. ‘पुढे तुला देईन’ हे बोलणे मात्र इच्छा असते, दान नव्हे. दादांना हे पटायला वेळ लागला. पण मी पुतण्या, माझा वाटा शून्य, हे आधीच स्पष्ट असल्याने माझे बोलणे त्यांनी ऐकून घेतले. वाचकहो, ज्याचा वाटा नाही त्याच्याकडे मोजदाद सोपवणे ही आपल्या वाडवडिलांची जुनी रीत आहे आणि ती अजूनही उपयोगी पडते.

आता मोल. आमच्या घरात तीन समजुती पक्क्या होत्या आणि तिन्ही चुकीच्या निघाल्या.

पहिली समजूत अशी की वाद्य जितके जुने तितके मोलाचे. सारंगी, सतार किंवा व्हायोलिनच्या बाबतीत लाकूड मुरते, असे आपण ऐकतो. अकॉर्डियनचे तसे नाही. १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियन याने या नावाच्या वाद्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून त्याचा जीव हवा आणि रीड यांत आहे. भाता पुठ्ठा, कापड आणि चामडे यांचा. स्वर देणारी रीड म्हणजे पोलादाची पातळ जीभ. ती धातूच्या पट्टीवर रिव्हेटने ठोकलेली असते आणि ती पट्टी लाकडी ठोकळ्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने बसवलेली असते. बहुतेक पट्ट्यांवर चामड्याची बारीक झडप असते. मेण वाळून ठिसूळ होते, चामडे वळते, पोलाद गंजते. म्हणजे वय या वाद्याचे मोल वाढवत नाही, दुरुस्तीचा खर्च वाढवते.

दुसरी समजूत, लखलखाट म्हणजे मोल. मोतिया झळाळी ही बहुधा सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकची असते. आमच्या घरात लाल वाद्याच्या पट्ट्या हस्तिदंती आहेत असा प्रवाद होता आणि काकी त्यामुळे मनातून अस्वस्थ होत्या. जाणकाराने पाहताक्षणी सांगितले की हेही सेल्युलॉइडच. काकींनी सुटकेचा श्वास टाकला. एखाद्या वाद्यात खरोखर हस्तिदंत निघाले, तर आपल्या देशात त्याचा व्यापार कायद्याने बंद आहे हे ध्यानात ठेवावे. झडपांमधले चामडे मात्र जुन्या वाद्यांत असतेच. ज्यांना ते घरात नको असेल त्यांनी वाद्य स्वीकारण्यापूर्वीच हे जाणून घेतलेले बरे.

तिसरी समजूत, पुढच्या जाळीवरचे नाव म्हणजे बनवणाऱ्याचे नाव. इटलीतील कास्तेलफिदार्दो या गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अकॉर्डियन बनवणाऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या अनेक कारखान्यांनी देशोदेशीच्या दुकानदारांना त्यांच्या नावाची वाद्ये करून दिली. आमच्या लाल वाद्यावरचे मोठे नाव असेच एका विक्रेत्याचे निघाले. उलट होनर हे नाव बनवणाऱ्याचेच. जर्मनीतील ट्रोसिंगेन येथे १८५७ साली तोंडाने वाजवायच्या हार्मोनिकापासून सुरू झालेली ही कंपनी. पण तिनेही विद्यार्थ्यांसाठी स्वस्त आणि मोठ्या वादकांसाठी अत्यंत महाग, अशी दोन्ही टोकांची वाद्ये केली. म्हणून नुसत्या नावावरून भाव ठरत नाही. नमुना कोणता, हे पाहावे लागते. लहान वाद्याच्या पाठीवर पूर्व जर्मनीचा शिक्का होता. त्यावरून ते १९४९ ते १९९० या काळातले, एवढे निश्चित झाले.

समजुती गेल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. जे केले ते क्रमाने सांगतो. घरात असे वाद्य असेल त्यांना उपयोगी पडेल.

प्रथम मोजणी. उजव्या हाताच्या पट्ट्या किती, डाव्या हाताची बटणे किती, स्वराचा पोत बदलणारे खटके, म्हणजे रजिस्टर, किती. मोठ्या वाद्याला ४१ पट्ट्या आणि १२० बटणे असतात. त्याखालोखाल ३७ पट्ट्या आणि ९६ बटणे. लहान वाद्य बहुधा २६ पट्ट्यांचे आणि ४८ बटणांचे. आमचे लाल, काळे आणि लहान वाद्य याच क्रमाने बसले. मोठे वाद्य म्हणजे हमखास मोठा भाव असे मात्र नाही. दहा-बारा किलोचे ओझे खांद्यावर घेऊन तासन्‌तास उभे राहणारे वादक आता थोडे, आणि शिकणाऱ्या मुलाला लहानच हवे असते.

मग भाता. पट्टे सोडून, एकही पट्टी वा बटण न दाबता तो अगदी हलक्या हाताने ओढून पाहावा. सहज उघडत गेला तर हवा गळते आहे. भाता उघडताना कुबट वास आला तर आत बुरशी. बंद करताना हवेचे बटण दाबूनच करावा. जबरदस्ती केल्यास कोपरे फाटतात.

मग एकेक स्वर. येथे हार्मोनियमपेक्षा एक फरक आहे. अकॉर्डियनमध्ये भाता उघडताना एक जीभ बोलते, मिटताना दुसरी. म्हणून प्रत्येक पट्टी दोन्ही दिशांना आणि प्रत्येक रजिस्टरवर तपासावी लागते. आमच्या लाल वाद्यात उजवीकडे प्रत्येक पट्टीला चार स्वरांच्या रीड होत्या. ४१ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ३२८. डावीकडे १२ स्वरांना प्रत्येकी पाच, पुन्हा दुप्पट, म्हणजे १२०. एकूण ४४८ जिभा! बटणे १२० असली तरी जिवा त्या बारा स्वरांच्याच जुळणीतून निघतात, हे कळल्यावर धाकटीला फार नवल वाटले. ती वही घेऊन बसली आणि मी पट्ट्या दाबत गेलो. मुका, उशिरा बोलणारा, घरघरणारा, बेसूर अशा चार खुणा आम्ही ठरवल्या. दोन स्वर किंचित वेगळे लावून लाटेसारखा थरार मुद्दाम आणलेला असतो. तो दोष नव्हे. पण तो थरार एका पट्टीवर मंद आणि शेजारच्या पट्टीवर जलद असेल तर सुरावट बिघडली आहे असे समजावे.

संध्याकाळपर्यंत लाल वाद्याची वही खुणांनी भरून गेली. काळ्या वाद्यात अवघ्या तीन खुणा झाल्या. दादा शेजारी बसून सगळे पाहत होते, पण काही बोलले नाहीत.

आता आतले पाहायला जाणकार हवा होता. सांगलीपासून मिरज हाकेच्या अंतरावर. तंबोरे आणि सतारीसाठी ते गाव सगळ्या देशात प्रसिद्ध आहे. तिथल्या एका वृद्ध कारागिराने वाद्ये पाहून प्रांजळपणे सांगितले, “तारेचं असतं तर हात घातला असता. हे आमचं काम नव्हे.” त्यांनी एका हार्मोनियमवाल्यांचे नाव सुचवले. हे दुसरे गृहस्थही सज्जन निघाले. म्हणाले, हार्मोनियमच्या रीड पितळेच्या, अकॉर्डियनच्या पोलादाच्या. मी आत पाहून अवस्था सांगेन, पण कानस लावणार नाही. हार्मोनियमच्या रीडसाठी नावाजलेले पालिताणा आपणां सर्वांना शत्रुंजयाच्या यात्रेमुळे परिचित आहे. त्यांच्याकडचा सारा माल तिथलाच होता. ‘पितळेची सवय झालेला हात पोलादावर चालवू नये’ हे त्यांचे म्हणणे मी वहीत लिहून ठेवले आहे. दुरुस्तीचा खर्च शेवटी पुण्याच्या एका आणि मुंबईच्या एका कारागिराकडून वेगवेगळा काढून घेतला. दोघांनाही आरंभीच सांगितले की पाहणीचे पैसे देऊ, पण वाद्य तुम्हाला विकणार नाही. भाव सांगणारा आणि विकत घेणारा एकच असेल तर त्याच्या मनात नकळत तराजू कलतो. यात कोणाचा अपमान नाही.

लाल वाद्य उघडल्यावर खरा प्रकार कळला. मेण चुन्यासारखे भुगा झालेले, काही रीड-पट्ट्या सुटून तळाशी पडलेल्या, झडपा वळलेल्या, पोलादावर गंज. माळा पत्र्याच्या छपराखाली. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात दमट. काळे वाद्य मात्र काकांच्या खोलीत, पलंगाखाली असे. त्याच्या पेटीच्या अस्तरामागे ताईला एक पाकीट सापडले. त्यात दर दोन-तीन वर्षांनी केलेल्या दुरुस्तीच्या पावत्या तारखेवार लावलेल्या होत्या. कार्यक्रमात मिरवायला लाल आणि खरे वाजवायला काळे, असा काकांचा रिवाज असावा. ‘लालवाल्याला हात लावायचा नाही’ असे ते मुलांना का म्हणत, तेही तेव्हा उमगले.

यानंतर भावाचा हिशोब. येथे तीन आकडे वेगळे ठेवावे लागतात. विक्रेता मागतो तो आकडा, प्रत्यक्ष सौदा होतो तो आकडा आणि विमा उतरवताना नवी वस्तू घ्यायची तर काय लागेल तो आकडा. मी जेवताना बोललो होतो तो पहिला होता, तोही परदेशातला, तोही दुरुस्त केलेल्या वाद्याचा. ती वस्तू विकली गेली की नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हते. युरोप-अमेरिकेत गिटारचे युग आल्यापासून घरोघरी अशी वाद्ये पडून आहेत. आपल्याकडे कीबोर्ड आल्यावर तेच झाले. पुरवठा आहे, गिऱ्हाईक निवडक आहे.

म्हणून रीत अशी. तशाच नमुन्याचे, वाजते आणि सुरात असलेले वाद्य आपल्या भागात खरोखर किती रुपयांना गेले, हे दोन-तीन वादकांना आणि दुकानदारांना विचारावे. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. मग घेणाऱ्याची धावपळ आणि धोका यांसाठी काही रक्कम वजा करावी. समजण्यापुरते आकडे घेऊ. चांगल्या स्थितीत ६० हजारांना जाणाऱ्या वाद्याला ४० हजारांची दुरुस्ती असेल आणि घेणारा धोक्यासाठी ८ हजार धरत असेल, तर आजच्या स्थितीत त्याचे मोल १२ हजार. ‘आधी दुरुस्त करू, मग विकू’ हा विचार मनात येतो, पण खर्च केलेला रुपया भावात पूर्ण परत येईलच असे नाही. किरकोळ काम असेल तर करावे, मोठे काम घेणाऱ्यावर सोडावे.

या रीतीने लाल वाद्याचे मोल तिघांत सर्वांत कमी निघाले. लहान वाद्य त्याच्या वर आणि काळे त्या दोघांच्या बेरजेच्या दुपटीहून अधिक.

मी वही काकींसमोर ठेवली आणि सर्वांदेखत म्हणालो, “दीड लाखाचं बोललो ती माझी चूक. न पाहता बोललो.” दादा बराच वेळ लाल वाद्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “माझ्या लग्नात बाबांनी हेच घेतलं होतं. किंमत शून्य निघाली तरी मला हेच हवंय.” ताई म्हणाली, “मग आधीच असं बोलायचं होतंस, दादा. तू मोलाचं बोललास म्हणून आम्ही वाट्याचं बोललो.” मला वाटते, साऱ्या भांडणाचा निकाल त्या एका वाक्यात होता.

वाटणी अशी झाली. लाल दादांकडे, लहान धाकटीकडे, दोन्ही ठरलेल्या मोलाने त्यांच्या वाट्यातून वळती करून. काळे विकायचे. काकींनी भंगारवाल्यापासून दुकानदारापर्यंत कोणाची घाई करू दिली नाही. दुकानदार लगेच पैसे देतो, पण त्याला नफा हवा, त्यामुळे भाव कमी. थेट वादकाला विकले तर भाव बरा, पण थांबावे लागते. आम्ही अडीच महिने थांबलो. वाद्याची पुढून, मागून, भाता उघडून आणि बटणांच्या बाजूने छायाचित्रे काढली, प्रत्येक स्वर वाजवून ध्वनिमुद्रण केले आणि कागदावर गुणांआधी दोष लिहिले. डावीकडचा एक स्वर उशिरा बोलतो, एक पट्टी किंचित वर राहते, पाठीचा एक पट्टा बदलावा लागेल.

कोल्हापूरचे एक वादक आले. अर्धा तास वाजवले, पावत्या वाचल्या, मग दोषांचा कागद वाचला. म्हणाले, “हा उशिराचा स्वर मला सापडला नव्हता. तुम्ही लिहिलंत म्हणून बाकीचंही खरं मानतो.” त्यांनी आमच्या आकड्यातून पट्ट्याचे पैसे तेवढे कमी केले. पावती दोन प्रतींत झाली. त्यात नमुना, क्रमांक, दोष आणि रक्कम लिहिली, आणि काकी व तिन्ही मुलांनी सह्या केल्या. मिळालेल्या रकमेतील आपापला वाटा तिन्ही मुलांनी काकींच्या नावेच ठेवला. ते त्यांनी आपखुशीने केले, मी सुचवले नव्हते.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना चार गोष्टी सांगून थांबतो. ती माळ्यावर किंवा उन्हात ठेवलेल्या गाडीत ठेवू नका. मेण वितळते. वाजवताना असते त्या उभ्या स्थितीत, कोरड्या जागी ठेवा. चमकवण्यासाठी स्पिरिट वा नखांचा रंग काढायचे द्रव लावू नका. सेल्युलॉइड बिघडते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. दुरुस्तीच्या पावत्या फेकू नका. आणि घरातला वादक अजून आपल्यात असेल, तर आजच त्याच्या शेजारी बसून कोणते वाद्य कोणते, कोठून घेतले, कोणी दुरुस्त केले हे लिहून घ्या. आम्ही जे अडीच महिन्यांत शोधले ते काकांनी एका संध्याकाळी सांगितले असते. आम्ही विचारले नाही.

लाल वाद्य आता दादांच्या दिवाणखान्यात आहे. वाजत नाही. धाकटीची मुलगी लहान वाद्यावर सारेगम काढते, आणि एक स्वर अजून घरघरतो. वहीत त्याची खूण आहे.

पुढील अंकात आपण घरातील जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या वाटणीविषयी बोलू.